दुसऱ्याच्या नावावरची चढाई

आमच्या खेळाच्या सरांनी मला फसवलं. मी एका बारा वर्षांच्या पोराला फसवलं. आणि यंदाच्या जानेवारीत एका सरकारी अधिकाऱ्यानं माईक हातात घेऊन मला आणि त्या पोराला, दोघांनाही फसवलं. मी ही तिन्ही वाक्यं एकदम सांगतो, कारण लोक पहिलं वाक्य ऐकलं की लगेच माझ्या बाजूचे होतात आणि मधलं वाक्य गिळलं तर मला फुकटची सहानुभूती मिळते. धंद्यात मी अशी सहानुभूती पुष्कळ वापरली आहे. इथं ती नको. मला एकच गोष्ट हवी आहे. त्या दिवशी मैदानात कोण होतं, हे ज्याला ठाऊक आहे त्यानं ते लिहून द्यावं.

माझा धंदा जुन्या ट्रॅक्टरांचा. बारामतीहून इंदापूरकडं निघालं आणि पिंपळी मागं टाकली की रस्त्याला लागून माझं पत्र्याचं शेड आहे. मी भांडखोर आहे, हे माझं गिऱ्हाईकच सांगेल. भाव करताना माझा आवाज चढतो, समोरचा उठून जातो, चहाच्या टपरीवर मला शिव्या घालतो आणि अर्ध्या तासानं परत येतो, कारण माझ्याकडचे कागद चोख असतात. ट्रॅक्टर विकत घेताना मी आधी इंजिन ऐकत नाही. आरसी बुक मागतो, मग गुडघ्यावर बसून चेसिसवरचा नंबर ओल्या फडक्यानं पुसतो आणि एकेक आकडा ताडून बघतो. ही सवय मला गॅरेजात लागली नाही. ती आठवीत लागली.

आमचं घर कळसला. माझे वडील, ज्यांना आम्ही तात्या म्हणायचो, उसाच्या वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते. आई दुसऱ्यांच्या रानात जायची. पाठची बहीण तान्ही होती, तिला सांभाळायला घरात कुणी नव्हतं, म्हणून मला शाळेत घातलं ते आठव्या वर्षी. त्यामुळं आठवीत आलो तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. वर्गात सगळ्यांत उंच, सगळ्यांत मागं. आवाज फुटला होता. वाचायला उभं केलं की पोरं हसायची आणि मी मधल्या सुट्टीत त्यातल्या एकाला तरी धरून बडवायचो. मास्तर मला ‘म्हातारा’ म्हणायचे. एवढीच माझी ओळख होती.

मग खेळाच्या सरांनी मला कबड्डीत घेतलं. सर सडपातळ, काळे, गळ्यात शिट्टी आणि डाव्या गालात कायम तंबाखू. त्यांनी मला मातीत उतरवलं, चढाईला पाठवलं आणि पहिल्याच दिवशी मी दहावीच्या दोन पोरांना घेऊन मध्यरेषेवर पडलो. कुणी हसलं नाही. तो अनुभव मला अजून सांगता येत नाही. अंगाला माती, तोंडात माती, आणि ज्या फाटक्या आवाजाची मला लाज वाटायची तोच आवाज दम न सोडता ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणतोय आणि समोरची सात पोरं मागं सरकतायत. सर रोज घरून माझ्यासाठी दोन उकडलेली अंडी आणायचे. त्यांच्या बायकोनं मिठाची पुडी वेगळी बांधून दिलेली असायची. मी त्या माणसासाठी विहिरीत उडी घातली असती. हे लिहून ठेवतो, कारण पुढं मी त्यांच्याबद्दल जे सांगणार आहे ते नुसत्या रागातून आलेलं नाही.

तालुक्याच्या स्पर्धा जवळ आल्या तशी सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. टेबलावर खेळाडूचा फॉर्म होता. त्यावर माझा फोटो चिकटवलेला, आणि खाली नाव दुसऱ्याचं. ते नाव सातवीतल्या एका मुलाचं होतं. त्याचे वडील आमच्या शाळा समितीवर होते, मोठे ऊस बागायतदार, सगळा भाग त्यांना आबा म्हणायचा. मुलगा जाडसर, गोरा, धावताना छातीवर हात धरायचा. कबड्डीच्या मैदानाकडं तो फिरकतही नव्हता. पण तो तेरा वर्षांचा होता, आणि हीच त्याची लायकी.

“सर, हे माझं नाव न्हाय,” मी म्हणालो.

“मला दिसतंय. फोटो तर तुझाच हाय की.” मग त्यांनी मला नीट समजावलं. चौदा वर्षांखालच्या संघात मला माझ्या नावानं घेता येत नव्हतं. सतराखालचा संघ दहावीच्या पोरांनी भरलेला. “तितं तू बाकावर बसशील वर्षभर. बाकावर बसायचं का मैदानात उतरायचं, तूच सांग. माझी जबरदस्ती न्हाय.”

आज मी शेडमध्ये बसून कुठल्याही माणसाला असंच बोलतो. दोनच वाटा दाखवायच्या, त्यातली एक मुद्दाम वाईट ठेवायची, आणि वर जबरदस्ती नाही म्हणायचं. तिसरी वाट होती. एक वर्ष थांबून, दहावीची ती पोरं गेल्यावर, मी माझ्या नावानं सतराखाली खेळलो असतो. ती त्यांनी दाखवली नाही आणि मी विचारली नाही. माझ्या आयुष्यातला हा पहिला सौदा, आणि त्यात मी भाव केला नाही.

आमच्या भागात तेव्हा याला फसवणूक म्हणत नसत. ‘नावावर खेळणं’ म्हणत, आणि ते म्हणताना कुणी आवाज खाली करत नसे. अमका कुणाच्या नावावर खेळतोय, असं चहा पिता पिता विचारायचे. प्रत्येक संघात असा एखादा गडी असायचा, म्हणून कुणी कुणाची तक्रार करत नसे. दोन शाळांचे सर एकमेकांच्या थोराड पोराकडं बघत, हसत आणि टॉस उडवत. सगळेच करतात, म्हणजे कुणीच करत नाही.

मला सही शिकावी लागली. आपल्याकडं पूर्ण नाव लिहायचं तर मधे बापाचं नाव येतं. म्हणजे मला नुसतं दुसऱ्या पोराचं नाव लिहायचं नव्हतं, माझ्या बापाच्या जागी आबांचं नाव लिहायचं होतं. भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानांवर मी ते तीसेक वेळा लिहिलं. सुरुवातीला हात अडखळत होता. विसाव्या वेळेपर्यंत झोकात यायला लागलं, आणि खरं सांगायचं तर मला ते नाव माझ्या नावापेक्षा देखणं वाटायला लागलं. बहिणीनं वही बघितली आणि विचारलं, ही कुणाची? मी तिच्या पाठीत धपाटा घातला.

ज्याचं नाव होतं तो पोरगा एकदा मला पाण्याच्या टाकीपाशी भेटला. सातवीतला पोरगा, पण बोलणं बापाचं. “माझ्या नावावर खेळतोयस ना? मग नीट खेळ. नाव खराब करू नको माझं.” मी त्याला तिथंच टाकीत बुडवायला हवं होतं. मी म्हणालो, “व्हय.”

तात्यांना हे गावात कुणीतरी सांगितलं. संध्याकाळी जेवताना ते माझ्याकडं न बघता म्हणाले, “लई मोठ्या घरचा झालास की. बाप बी बदलून आलास.” मला वाटलं आता ताट फेकून मारतील. मी खांदे आवळून बसलो. त्यांनी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. त्याच आठवड्यात आबांनी त्यांना बोलावून आपल्या नव्या ट्रॅक्टरवर घेतलं, पूर्ण हंगामासाठी, आणि तात्या गेले. त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. त्यांनी मला मारलं असतं तर मी कदाचित तिथंच थांबलो असतो. हे त्यांच्यावर ढकलणं झालं, हेही मला कळतं.

तालुका जिंकलो, जिल्हा जिंकलो. पुढचे सामने बारामतीला होते, तीन जिल्ह्यांचे संघ आलेले. तिथं पंच कडक आहेत अशी बातमी सरांना लागली. सामन्याच्या दिवशी सकाळी त्यांनी मला मैदानामागच्या नळावर नेलं आणि खिशातून दाढीचं सामान काढलं. माझ्या ओठावर तेव्हा लव आली होती, काळसर, विरळ. मला तिचा अभिमान होता. घरच्या आरशात मी ती बोटानं खाली ओढून बघायचो. सरांनी अंघोळीच्या साबणाची वडी ओली करून माझ्या ओठावर फिरवली. त्यांच्या बोटांना चुना आणि तंबाखूचा वास. रेझरमध्ये त्यांच्या स्वतःच्या दाढीचे पांढरे खुंट अडकलेले मला दिसत होते, कारण तो माझ्या नाकाखाली होता. पातं बोथट होतं. ओठाच्या कोपऱ्यात कापलं. ते त्यावर अंगठा दाबून उभे राहिले, अंगठ्याचा तो घाणेरडा वास थेट नाकात, आणि मला म्हणाले, “बघ, कसा बाळ दिसतुयास. कुणी बोललं तर बारीक आवाजात बोल. न्हायतर बोलूच नको.”

आजही मी न्हाव्याकडं दाढी करत नाही. कुणाचीही बोटं माझ्या ओठाजवळ आली की मी तोंड फिरवतो.

त्या दिवशीचा तिसरा सामना. समोरच्या संघात एक बारका पोरगा होता. बाराच्या वर नसेल. चड्डी नाडीनं बांधलेली, बनियन मोठा होता म्हणून त्यात खोचलेला. पण पाय काय चपळ. त्यानं आमचे तीन गडी बाद केले होते. तो परत चढाईला आला. मी डाव्या कोपऱ्यात होतो. तो माझ्याकडं पाय टाकणार हे मला दोन पावलं आधी कळलं. मी त्याला नुसता धरू शकत होतो. कंबरेत हात घातला असता तर तो जागेवर थांबला असता आणि गुण मिळालाच असता. बाहेरून सर ओरडले, उडव त्याला. मी सगळ्या अंगानिशी त्याच्यावर गेलो.

मी सर ओरडले म्हणून गेलो असं म्हणू शकतो. तेवीस वर्षं म्हणत आलो. खरं असं आहे की मला त्याला उडवायचं होतं. तो खरा होता म्हणून. त्याचं वय खरं, त्याची चपळाई खरी, त्याच्या ओठावर कुणी रेझर फिरवलेला नव्हता. तो माझ्या खांद्यावर आपटून रेषेबाहेर फेकला गेला आणि उजव्या बाजूवर पडला. आवाज आला. उसाचं कांडं गुडघ्यावर मोडावं तसा. गळ्याजवळचं हाड होतं. शिट्टी वाजली आणि पंचांनी हात आमच्या बाजूला केला. गुण आम्हाला मिळाला.

त्यांच्याबरोबर एक बाई आल्या होत्या, खेळाच्या शिक्षिका. त्या धावत आल्या, पोराला मांडीवर घेतलं, आणि मान वर करून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. नीट, निरखून. माझ्या ओठावरचं कापलेलं पुन्हा उघडलं होतं, रक्त येत होतं.

“बाळा, वय काय तुझं?”

“तेरा,” मी म्हणालो. बारीक आवाजात.

त्यांनी पोराचा हात सावरून धरला. मग म्हणाल्या, “बरं. तेरा. मग जरा पाणी आण त्याच्यासाठी.”

मी पळत जाऊन तांब्या भरून आणला. पोरगं रडत नव्हतं, त्याचे दात वाजत होते. त्यानं डाव्या हातानं तांब्या धरला, दोन घोट घेतले आणि मला म्हणाला, “थँक्यू, दादा.”

दादा म्हणाला. कागदावर आमच्यात एका वर्षाचं अंतर होतं. त्याला कागद ठाऊक नव्हता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि त्याला जो दिसला त्याला हाक मारली. त्या सबंध मैदानावर माझ्याबद्दल खरं बोलणारं ते एकच तोंड होतं. त्याला जीपमध्ये घालून नेलं. संघात बदली गडी नव्हता म्हणून ते सहाजणच खेळले आणि हरले. आम्ही पुढं गेलो.

राज्याच्या स्पर्धेत आमचा तिसरा नंबर आला. माईकवरून ते नाव पुकारलं, मी मंचावर गेलो, पाहुण्यांशी हात मिळवला, प्रमाणपत्र घेतलं. खाली उतरलो तर पायरीवर सर उभे. “दे इकडं, चुरगाळशील.” माझ्या हातात ते किती वेळ होतं? मंचाच्या पाच पायऱ्या उतरेपर्यंत. त्यावर फोटो नव्हता. फोटो फक्त फॉर्मवर असतो, आणि फॉर्म फायलीत जातो. सगळी मेख तिथं होती आणि ती मला त्या पायरीवर कळली.

परत आल्यावर सोमवारच्या प्रार्थनेला सत्कार ठेवला. आबा पांढऱ्या गाडीतून आले. नाव पुकारलं आणि त्यांचा मुलगा पुढं गेला. नारळ, शाल, प्रमाणपत्र. सबंध शाळेसमोर. प्रत्येक पोराला, प्रत्येक मास्तराला, घंटा वाजवणाऱ्या शिपायाला ठाऊक होतं की हा मुलगा मैदानात उतरलेला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. शेजारच्या पोरानं कोपरानं ढोसून विचारलं, “काय रं, कसं वाटतंय सत्कार घेताना?” मी त्याला तिथंच कानफटात दिली आणि त्याबद्दल मला ऑफिसबाहेर दोन तास उन्हात उभं केलं. ती शिक्षा मात्र माझ्या नावावर झाली.

त्याच दिवशी आबांचा मुलगा टाकीपाशी माझ्याकडं आला. या वेळी बापाचं बोलणं नव्हतं. त्यानं विचारलं, “लई मारामारीचं झालं का सामनं? सांग की.” कुणीतरी विचारल्याचं मला बरं वाटलं. मी त्याला सगळं सांगितलं. बारका पोरगा, त्याची चढाई, हाडाचा आवाज, पाणी, आणि तो मला दादा म्हणाला ते. मी घरीसुद्धा हे सांगितलं नव्हतं. सांगताना मला रडू आलं. तो ऐकत राहिला. मला वाटलं त्याला कळलं.

पुढच्या वर्षी मी नववीत गेलो, दहावीची ती पोरं शाळा सोडून गेली. आता सतराखालच्या संघात मी माझ्या नावानं बसत होतो. मी सरांकडं गेलो. ते हसले. “वेडा हायस का? पंच तुला त्या नावानं वळखत्यात. आता निराळं नाव घेऊन उतरलास तर शाळा बाद हुईल, मी घरी जाईन. खेळायचं आसंल तर त्याच नावानं खेळ.” म्हणजे पुन्हा सगळं त्याच्या खात्यावर. मी म्हणालो, नाही खेळत. त्यांना वाटलं मी अडून बसलोय, दोन दिवसांत येईन. अंड्यांचा डबा घेऊन ते वर्गाच्या दारात आले. मी बघितलं नाही. तेव्हापासून मी मैदानात उतरलेलो नाही.

लोक म्हणतील, चांगलं झालं, पोरगं शहाणं झालं. शहाणं झालं म्हणजे काय झालं ते सांगतो. दहावीनंतर मी गॅरेजात लागलो, मग जुनी ट्रॅक्टरं घ्यायला लागलो. धंद्याच्या दुसऱ्या वर्षी एका ट्रॅक्टरचं तासाचं मीटर, म्हणजे इंजिन किती तास चाललं ते दाखवणारं, मी मागं फिरवलं आणि सणसरच्या एका शेतकऱ्याला तो विकला. पहिल्याच नांगरणीला इंजिन बसलं. तो शेडवर आला, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा माणूस, आणि म्हणाला, “खरं सांगा, तुमाला ठावं हुतं का?” मी डोळ्यांत बघून सांगितलं, मला कल्पना नव्हती. माझा मलाच आवाज ऐकू आला. ‘तेरा’ म्हणताना होता तोच, बारीक. पापणी न हलवता खोटं बोलायची ती विद्या मला शाळेनं दिली. गणित गॅरेजात शिकलो, ही शाळेत. त्याचं इंजिन मी शेवटी करून दिलं, पण तो तीन हेलपाटे घालेपर्यंत नाही. मीटर मी पुन्हा फिरवलं नाही. एवढ्यावर कुणी मला सज्जन म्हणू नये.

आबांचा मुलगा शिकला. त्या प्रमाणपत्रावर त्याला दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळाले, आणि पुढं सरकारी भरतीत खेळाडूंसाठी राखलेल्या जागेवर तो लागला. आता तो वरच्या हुद्द्यावर आहे. हे मला ठाऊक होतं. मी दात खाऊन गप्प होतो. माझा धंदा जोरात होता, त्याला विकत घेऊ शकेन इतका, असं मी स्वतःला सांगायचो.

यंदा जानेवारीत शाळेचं स्नेहसंमेलन होतं. मी शाळेला कबड्डीची मॅट दिली होती. का दिली ते मला नीट सांगता येत नाही. बहुधा माझं नाव त्या मैदानात कुठंतरी लागावं म्हणून. पत्रिकेत देणगीदार म्हणून माझं नाव शेवटून दुसरं, आणि सगळ्यांत वर प्रमुख पाहुणे म्हणून त्याचं. मी मंचावर कडेच्या खुर्चीत बसलो. मधे तो, त्याच्या शेजारी निवृत्त झालेले आमचे सर, फेटा बांधून.

तो बोलायला उभा राहिला. पोरांना म्हणाला, खेळानं मला माणूस केलं. मी मनात म्हणालो, घे, तेवढं घे. मग त्यानं बारामतीचा सामना सांगायला सुरुवात केली. डाव्या कोपऱ्यात मी उभा होतो, तो म्हणाला. समोरून एक बारीक पोरगा आला. माझ्या हातून जोरात धडक बसली आणि त्याचं हाड मोडलं. इथं तो थांबला. चष्मा काढला. म्हणाला, मी त्याला पाणी नेऊन दिलं तर तो मला म्हणाला, थँक्यू दादा. मित्रांनो, ती जखम मी आजवर वागवतो आहे. त्या दिवशी मला जबाबदारी म्हणजे काय ते कळलं.

एका बाईंनी पदरानं डोळे पुसले. माझ्या तोंडात आंबट पाणी आलं आणि ते मी गिळलं. त्यानं गुण घेतले, शाल घेतली, नोकरी घेतली, मी सोसलं. पण त्या पोराचं हाड मोडल्याची जी एक गोष्ट मी कुणापुढं मिरवली नाही, जी फक्त माझी होती, ती त्यानं टाळ्यांसाठी वापरली. आणि एवढ्या लोकांत एकालाही प्रश्न पडला नाही की बारा वर्षांचा पोरगा तेरा वर्षांच्या पोराला दादा कशाला म्हणेल. मी कागद ताडून बघणारा माणूस आहे. नंबर जुळत नव्हता, आणि बघणारा मी एकटाच होतो.

कार्यक्रम संपल्यावर तो माझ्याकडं आला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “काय शेठ, मॅट झकास दिलीत.” मी विचारलं, माझं हाड कशाला चोरलंस? तो हसला नाही, चिडलाही नाही. हात काढून घेतला आणि म्हणाला, “जपून बोला. सिद्ध काय करणार?” आणि गाडीकडं गेला.

मी सरांना गाठलं. मंचामागं खुर्चीत बसून ते चहा पीत होते. मी म्हणालो, सर, तुम्ही ऐकलंत ना? ते म्हणाले, ऐकलं, चांगला बोलला. मी म्हणालो, लिहून द्या. कोण खेळलं, त्याचं वय काय होतं, कुणी कुणाचं हाड मोडलं. एक कागद. मी भाव करत नाही, माझी दुसरी किंमत नाही.

ते माझ्याकडं दयेनं बघत राहिले. “तुला काय कमी पडलं रं? तुझ्याकडं गाड्या हायत, त्याच्याकडं पगार हाय. दोघंबी मार्गाला लागलासा. आता ह्या वयात माझी पेन्शन घालवतुस का?”

“आन् ते पोरगं, सर?”

“कुठलं पोरगं?”

मी सांगितलं. त्यांनी खरोखर आठवून बघितलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो, ते सोंग नव्हतं. त्यांना आठवत नव्हतं. मग कप खाली ठेवून म्हणाले, “हाडाचं काय घिऊन बसलास, पोरांची हाडं जुळत्यात. पुढच्या वर्षी तुलाच करू की प्रमुख पाव्हणा.”

मी तिथं ओरडलो. शिव्या दिल्या. लोक जमले, शेठ चिडलेत म्हणून मला बाजूला नेलं, कुणीतरी पाणी दिलं. सगळ्यांना वाटलं मानपानाचं काहीतरी असेल.

म्हणून आता शांतपणे लिहितो आहे. सर, मला प्रमाणपत्र नको आणि पाहुण्याची खुर्ची नको. साहेबांनी नोकरी ठेवावी की सोडावी, ते त्यांचं ते बघतील. पण त्या दिवशीच्या संघांची यादी तुमच्या हातात होती. तो पोरगा कुठल्या शाळेचा, कुठल्या गावचा, हे शोधून काढणं माझ्यापेक्षा तुम्हाला सोपं आहे. तो आता पस्तीस वर्षांचा बाप्या असेल. त्याच्यासमोर जाऊन मला सांगायचं आहे की मी पंधरा वर्षांचा होतो, तुला धरता येत असताना मी उडवलं, आणि वय विचारलं तेव्हा खोटं बोललो. त्या वेळी तुम्ही माझ्या शेजारी उभे राहायचं आणि मला मैदानात कुणी उतरवलं ते त्याला तुमच्या तोंडानं सांगायचं. तुमचा पत्ता मला ठाऊक आहे, माझा तुम्हाला. कोण होता तो, सर? उत्तर द्या.